शेवंतीचा उपास

आमच्याकडे मासोळीच्या आधी मासोळीचं घर आलं, आणि ते बाबांनी स्वतःच्या हातानं बांधलं. आमगावात बाबांचं फोटोफ्रेमचं दुकान होतं. दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. देवांचे फोटो, लग्नांचे फोटो, पोरांची प्रशस्तिपत्रं आणि गेलेल्या माणसांचे फोटो, एवढ्यांवर आमच्या घरात भात शिजायचा. सकाळी मी जागी व्हायची ती काच कापायच्या आवाजानं. आधी काचेवरून ओढलेल्या हिरकणीचा लांब किर्रर्र, मग जरा वेळ काहीच नाही, आणि मग टक्. त्या मधल्या ‘काहीच नाही’मध्ये बाबा श्वास रोखून धरायचे, आणि आतल्या खोलीत अंथरुणात पडल्या पडल्या मीही धरायची. एकदा कुणा कपडेवाल्याच्या दुकानातली मोठी काच तडकली म्हणून बदलायला आली. तिचा चांगला भाग बाबांनी कापून ठेवला आणि महिनाभर तो भिंतीला टेकून राहिला. आईनं तीनदा विचारलं, “याचं काय करता?” चौथ्यांदा विचारायच्या आत बाबांनी गोंदियाहून काच चिकटवायचा डिंक आणला आणि पेटी जोडायला बसले. त्या डिंकाला सिरक्यासारखा आंबट वास येतो. दोन दिवस घरभर तो वास होता, आणि आई म्हणायची की वरणसुद्धा लोणच्यासारखं लागून राहिलं.

पेटी पहिल्यांदा भरली तेव्हा गळली, दुसऱ्यांदा भरली तेव्हाही गळली. तिसऱ्यांदा टिकली. पण बाबांचा स्वतःवर विश्वास बसेना, म्हणून आठ दिवस तिच्यात नुसतं पाणीच ठेवलं. फ्रेम न्यायला आलेली माणसं वाकून बघायची आणि विचारायची, “भाऊ, याच्यात काय हाय?” बाबा म्हणायचे, “पानी.” माणसं आणखी वाकून बघायची. मीही शाळेतून आली की त्या पाण्याकडे बघत बसायची. रिकामं पाणी इतका वेळ बघितलेली दुसरी कोणी असेल असं मला वाटत नाही. मग एका रविवारी बाबा आणि मी पॅसेंजरनं गोंदियाला गेलो आणि येताना माझ्या मांडीवर पिशवीभर पाणी आणि त्यात दोन गोल्डफिश. एक आठवड्यातच मेली. दुसरी राहिली. केशरी अंग, पोटाकडे पिवळट, शेपटी पातळ लुगड्याच्या पदरासारखी. बाबांनी तिचं नाव शेवंती ठेवलं. पंप सारखा घुरघुरायचा आणि वीज गेली की गप्प व्हायचा. त्या दिवसांत वीज जायचीच. मग बाबा हातातलं काम टाकून मगानं पेटीतलं पाणी उचलून उचलून वरून सोडायचे, म्हणजे तिला हवा मिळेल. आमच्या घरी मासोळीचा रस्सा व्हायचा तेव्हा ते पेटीकडे पाठ करून जेवायचे. आई हसायची, पण तिनंही कधी पेटीसमोर मासोळी साफ केली नाही.

मी तेरा वर्षांची होती तेव्हा बाबांचं पोट दुखायला लागलं. आधी ओवा झाला, मग हिंग, मग आमगावचे डॉक्टर, मग गोंदियाला मशीनवर पोट बघणं झालं, आणि तिथून नागपूरला जा म्हणून चिठ्ठी. पोटात गाठ आहे, काढावी लागेल, ती कसली आहे ते काढल्यावर कळेल. एवढंच मला सांगितलं. बाकीचं मोठ्या माणसांच्या आवाजावरून कळलं, कारण घरात सगळे एकदम हळू बोलायला लागले. आई आणि माझा मोठा भाऊ बाबांसोबत नागपूरला गेले. मला सांभाळायला सौंदडहून कौसल्या आत्या आली. ती बाबांची मोठी बहीण. अंगानं उभी-आडवी, आवाज असा की धानाच्या बांधावरून हाक मारली तर दुसऱ्या गावचा बैल थांबेल. येताना तिनं पोत्यात तांदूळ, वालासारख्या पोपटाच्या ओल्या शेंगा, वाटाण्यासारख्या लाखोळीच्या शेंगा आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणलं होतं. दिवस थंडीचे होते, धान निघून गेलं होतं आणि रिकाम्या शेतांच्या बांध्यांमध्ये लाखोळी हिरवी होती. आल्याबरोबर तिनं आईची चूल, आईचे डबे आणि मी, असं सगळं ताब्यात घेतलं. पहिल्याच दिवशी भावाचा निरोप आला की दवाखान्याच्या कागदावर लावायला बाबांचा फोटो पाठवा. मी तो शोधून दुकानातल्या काचेच्या टेबलावर ठेवला. आत्यानं झडप घालून उचलला. “काचेवर नोको ठेवू त्याचा फोटू!” ती ओरडली. मला क्षणभर कळलं नाही. मग आमच्या भिंतीला टेकलेले, हार घालायला तयार असलेले बाकीचे फोटो दिसले.

आमच्याकडे आजाऱ्याच्या घरी विचारपूस करायला जाणं हे जेवणाइतकंच जरुरी असतं. आजारी माणूस नागपूरला असला तरी फरक पडत नाही, घर तर इथंच आहे. सकाळपासून माणसं यायची. आत्या लाल चहा ठेवायची, माणसं बसायची, उसासे टाकायची आणि मग काय करावं हे न सुचून पेटीकडे बघायची. समोरच्या घरात हिंदी बोलणाऱ्या काकी राहायच्या. टेलिफोन त्यांच्याकडेच होता, त्यामुळे नागपूरच्या बातम्या आधी त्यांना कळायच्या. दुसऱ्या दिवशी त्या हातात कणकेचा गोळा घेऊन आल्या. “मछली को आटा डालो, बहन,” त्या आत्याला म्हणाल्या, “भाईसाहब के नाम से. बड़ा पुण्य लगता है. नदी तक कौन जाए, मछली तो घर में ही है.” आणि त्यांनी बोरीच्या बीएवढ्या गोळ्या करून पाण्यात टाकल्या. शेवंतीनं त्या गपागप खाल्ल्या. सगळ्यांना बरं वाटलं. माणसाला हातपाय हलवायला काहीतरी मिळालं की बरं वाटतं, हे मी तेव्हापासून बघत आली आहे.

मग काय, येईल तो पेटीत काहीतरी टाकायचा. कुणी कणीक, कुणी मुरमुरे, कुणी भाताची शितं. फ्रेम न्यायला आलेल्या एका म्हाताऱ्यानं बिस्किटाचा तुकडा टाकला आणि हात जोडले. आत्या स्वतः तांदळाच्या पिठाच्या गोळ्या करायची, कारण तिचा गव्हावर फार भरवसा नव्हता. शेवंती कुणालाच नाही म्हणाली नाही. काचेशी कुणाची सावली पडली की तोंड उघडत वर यायची, आणि लोक म्हणायचे, “पाह्य, कशी वाट पाहून राहिली भाऊची.” खरं सांगते, मलाही तसंच वाटायचं.

आठव्या दिवशी सकाळी ती आडवी झालेली दिसली. पोट फुगून टमटमीत, आणि ती पाण्याच्या वर एका कुशीवर तरंगत होती. खाली जायला बघायची, शेपटी मारायची, दोन बोटं खाली जायची आणि पुन्हा वर यायची. दुपारपर्यंत पुरती उलटी झाली, पोट आकाशाकडे. डोळा मात्र जागा होता, मी बोट नेलं की हलायचा. मी आत्याला हाक मारली. आत्या हात पुसत आली, तिनं पेटीत बघितलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला. मी ते कधीच विसरली नाही. घाबरायचं सोडून ती हात जोडून उभी राहिली. “घेतलं तिनं,” ती म्हणाली. “बाबूच्या पोटातली गाठ तिनं आपल्या पोटात घेतली. पाह्य ना पोरी, तेच पोट!” घरातली मासोळी घरावरचं संकट अंगावर घेऊन मरते, हे मी आधीही ऐकलं होतं. पण इथं तर डोळ्यांसमोर पोटाला पोट जुळत होतं. संध्याकाळपर्यंत गल्लीला बातमी कळली. कुणीतरी काचेला कुंकू लावलं, काकींनी अगरबत्ती लावली, आणि आत्यानं मला बजावलं, “तिले हात नोको लावू. काही औषध-बिवषध नोको करू. ती वाचली तं दुखनं वापस जाईन त्याच्याकडे.”

मी मान डोलावली. पण मला प्रश्न पडायची खोड होती, आणि अजून आहे. बाबांचं पोट तर तीन महिन्यांपासून दुखत होतं, मग शेवंतीनं दुखणं घ्यायला आत्ताच का घेतलं? आणि घेतलं असेल तर ते पोटात कसं शिरलं? काच तर बाबांनी जोडलेली होती, तिच्यातून पाणी बाहेर जात नव्हतं, मग गाठ आत कशी गेली? हे मी आत्याला विचारलं नाही, झापड मिळाली असती. मी बाबांची काचेवर खुणा करायची मेणाची पेन्सिल घेतली आणि पेटीच्या बाजूच्या काचेवर, जिथं कुंकू नव्हतं तिथं, शेवंती किती उंचीवर तरंगते त्याची बारीक रेघ मारली. दर तासाला एक. दुसऱ्या दिवशी रविवार, शाळा नव्हती. दुपारी विचारपूस करणाऱ्यांची मोठी गर्दी झाली, मुरमुरे आणि कणीक दोन्ही पडलं, आणि उलट्या पडलेल्या अवस्थेतही तिनं तोंडाजवळ आलेलं खाल्लं. संध्याकाळची रेघ सगळ्यात वर होती. मी त्या रेघांकडे बघत बसली आणि हळूहळू माझ्या डोक्यात आलं की दुखणं नागपूरहून आलेलं नसून आमच्या दारातूनच आत आलेलं आहे, चपला बाहेर काढून.

पण खात्री कुणाकडून करावी? मासोळ्या ओळखणारं माणूस माझ्या माहितीत एकच होतं. आमच्या आठवडी बाजारात एक ढिवरीण बसायची, सुगंधाबाई. टोपलीत ओली मासोळी, वर ओलं पोतं, आणि तोंडात तंबाखू. बाबा तिच्याचकडून घ्यायचे. मी सामानाची पिशवी घेऊन तिच्यासमोर उभी राहिली आणि विचारलं, “मावशी, मासोळीचं पोट फुगलं आणि ती उलटी झाली तर काय करतात?” ती म्हणाली, “विकतात.” शेजारच्या बाया हसल्या. मी म्हटलं, “विकायची नाही, जगवायची आहे.” तिनं माझ्याकडे नीट बघितलं. “एवढी उमर गेली मासोरी मारण्यात,” ती म्हणाली, “जगवाचं पुसाले कोनी आलं नाई आजवरी. काय खाऊ घालता तिले?” मी सगळं सांगितलं. कणीक, मुरमुरे, भात, पीठ, बिस्कीट. ऐकता ऐकता तिनं तंबाखू थुंकला. “तलाव-बोडीतल्या मासोरीले कोन कनिक चारते? मासोरीले पोट भरलं समजत नाई, पोरी. देत राहिलं तं खात राहते. मुरमुरा पोटात जाऊन फुगला असंन. तिले उपाशी ठेव चार दिवस, काहीच नोको देऊ. पान्यात खडामिठाची चिमूट टाक. आन मंग हिरवं दे. अवकाळी पान्यानं बोडी चढते तवा बांधीतल्या लाखोरीचा पाला खाऊन राहतात मासोऱ्या. हिरवं खाल्लेली मासोरी फुगलेली म्या नाई पाह्यली.” मग तिनं विचारलं, “फ्रेमवाल्या भाऊची पोरगी ना तू? कसे आहेत भाऊ?” मी म्हटलं, आहेत. ती म्हणाली, “बरे झाले की सांग.” मग तिनं दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड वळवलं.

उपाशी ठेवणं सगळ्यात सोपं औषध, असं कुणालाही वाटेल. आमच्या घरात तेच सगळ्यात अवघड होतं. विचारपुशीला आलेल्या माणसाच्या हातातली कणीक मी कशी अडवणार? आणि औषध करते आहे म्हटलं तर आत्या? घरी येईपर्यंत मी विचार करत होती. आत्या ओसरीवर बसून पोपटाच्या शेंगा सोलत होती. तिचा सोमवार होता, गुरुवार होता आणि बाबांसाठी धरलेला मंगळवारही होता. आठवड्यातले उरलेले चार दिवस ती जेवायची, तेही कुणी आग्रह केला तर. मी तिच्यासमोर बसली आणि एका दमात बोलून टाकलं, “आत्या, शेवंतीनं बाबांचं दुखणं घेतलं ना? मग तिलाही उपास नको का बाबांसाठी? तू धरतेस, ती खात बसली आहे.” आत्याचा हात शेंगेवर थांबला. असं मुद्देसूद बोलणं तिनं माझ्याकडून कधी ऐकलं नव्हतं. तिनं हातातली शेंग सोलून दाणे सुपात टाकले. मग म्हणाली, “बरोबर हाय तुहं.”

त्यानंतर पेटीला जे संरक्षण मिळालं ते बाबांनी बंदूक घेऊन पहारा दिला असता तरी मिळालं नसतं. काकी कणीक घेऊन आल्या तेव्हा आत्या दारातच आडवी आली. “मासोळीले उपास आहे,” तिनं सांगितलं. काकी चपापल्या. “कितने दिन का?” “चार दिवस. पारनं लाखोळीनं.” लाखोळीचं मीच सुचवलं होतं, पण तोपर्यंत ते आत्याचंच झालं होतं. काकींनी कणीक परत नेली आणि गल्लीत सांगितलं. एकानंही पुन्हा मुरमुरा टाकला नाही. आमच्याकडे माणसाचं ऐकत नाहीत, पण उपास मोडायला कुणी सांगत नाही. मिठाची चिमूट मात्र मी आत्या देवापाशी असताना टाकली.

चार दिवस मी रेघा मारल्या. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी रेघ अर्धं बोट खाली आली आणि मला इतका आनंद झाला की मी आत्याला सांगायला धावली आणि दारात थांबली, कारण सांगायचं काय? चौथ्या दिवशी ती उलटीची कुशीवर झाली. पाचव्या दिवशी सकाळी मी लाखोळीचे चार हिरवे दाणे उकडले, नखानं सालं काढली आणि एकेक दाणा चुरून तिच्या तोंडापाशी सोडला. तिनं खाल्ला. थोड्या वेळानं तिच्यामागून एक लांब हिरवा धागा लोंबायला लागला आणि तो तुटून खाली पडला तेव्हा मी टाळी वाजवली. हे लिहिताना मला हसू येतं. आज माझी मुलगी फोनवर दोन बोटं फिरवून गोल्डफिशचं पोट का फुगतं ते मला वाचून दाखवते, आणि तिथंही तेच लिहिलं आहे, उपास आणि सोललेला हिरवा दाणा. पण सुगंधाबाईंच्या तोंडून ऐकून, मग स्वतःच्या डोळ्यांनी बघून जे कळलं होतं त्याची चव वेगळी होती.

दुसऱ्या दिवशी बाबांचं ऑपरेशन होतं. सकाळी मी आत्याआधी उठली आणि पेटीपाशी गेली. शेवंती तळाशी, सरळ उभी, खडे उलटेपालटे करत फिरत होती. पोट सपाट. मी खूश व्हायला हवी होती, झालीही. तेवढ्यात मागे पावलं वाजली. आत्यानं पेटीत बघितलं, भिंत धरली आणि खाली बसली. त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही आणि मला भात हवा का हेही विचारलं नाही. चार वाजता काकींनी समोरून हाक मारली. ऑपरेशन झालं होतं, गाठ काढली होती, ती तपासायला पाठवली होती, आठ दिवसांनी कळणार होतं. “भाईसाहब तो ठीक हो जाएँगे ना?” काकी मला विचारत होत्या, जसं काही मलाच माहीत असणार.

ते आठ दिवस कसे गेले ते मी सांगू शकत नाही, पण काय काय दिसलं ते सांगते. शेवंती रोज चांगली होत गेली. तिचा रंग उजळला. ती इतकी निरोगी दिसायला लागली की मला तिच्याकडे बघवेना. आत्या तर पेटीवरून जाताना नजर वळवायची. मला माहीत होतं की मुरमुऱ्यानं पोट फुगलं होतं, लाखोळीनं उतरलं होतं आणि नागपूरशी त्याचा काही संबंध नव्हता. मी रेघा मारल्या होत्या, माझ्याकडे पुरावा होता. पण तेरा वर्षांच्या पोरीचा बाप दवाखान्यात पडला असला की पुराव्यानं पोट भरत नाही. पाचव्या दिवशी काकींकडे भावाचा फोन आला. टाक्यांत पू झाला होता, ताप उतरत नव्हता, बाबा बोलत नव्हते. भाऊ फोनवर रडत होता. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, आणि रडत होता.

मी घरी आली. आत्या मागच्या अंगणात विहिरीवर होती. परातीत कणीक मळून ठेवलेली होती. मी तिचा मोठा गोळा तोडला, सुपारीहून मोठा, आणि पेटीपाशी जाऊन उभी राहिली. माझी सावली पडली तशी शेवंती तोंड उघडत वर आली. मला सगळं ठाऊक होतं, किती टाकलं की किती तासांत पोट फुगेल हेही. आणि म्हणूनच मी ते करणार होती. ज्या पोरीनं आत्याला खोटं सांगून मासोळी बरी केली तीच पोरगी तिला मारायला उभी होती. मी चिमूट तोडून पाण्यावर धरली.

माझं मनगट कुणीतरी धरलं. आत्याचा हात विहिरीच्या पाण्यानं गार होता.

“काय करून राहिली?” ती म्हणाली. आणि मग मी जी फुटली ती फुटलीच. मी सगळं ओकून टाकलं. उपास नव्हता, औषध होतं. सुगंधाबाईला विचारलं होतं. मीठ टाकलं होतं. मीच तिला बरं केलं, मीच दुखणं परत पाठवलं, बाबांना काही झालं तर माझ्यामुळं. आत्यानं मनगट सोडलं नाही. माझं होईपर्यंत ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “मले का मालूम नाई? पेटीपाशी मिठाचे खडे कोनं सांडले होते, म्या?” मी तिच्याकडे बघतच राहिली. तिनं माझ्या मुठीतली कणीक काढून घेतली, स्वयंपाकघरात नेली, लाटली आणि तव्यावर टाकली. तळहाताएवढी पोळी झाली. तिला मीठ-तेल लावून तिनं माझ्या हातात दिली. “खा. सकारपासून पोटात काही नाई तुह्या.” मी खाल्ली. ती समोर बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी ती माझ्या घासांकडेच बघत होती.

ताप दोन दिवसांनी उतरला. गाठ साधी निघाली. बाबा आले तेव्हा इतके वाळले होते की त्यांचा शर्ट दुसऱ्या कुणाचा वाटत होता. सुगंधाबाईंना सांगायला मी बाजारात गेली, त्यांनी मूठभर झिंगे फुकट दिले. शेवंती त्यानंतर सहा वर्षं जगली. बाबा आल्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या सौंदडला परत जायला निघाली तेव्हा तिला स्टेशनवर सोडायला मी गेली. गाडीला वेळ होता. बाकावर बसल्या बसल्या मी तिला विचारलं. किती दिवस मनात होतं.

“आत्या, मासोळीनं बाबांचं दुखणं घेतलं, असं तुला खरंच वाटत होतं ना?”

“वाटत होतं म्हनजे? घेतलंच होतं.”

“मग मी तिला बरं करत होती तेव्हा गप्प कायले राहिली? आणि त्या दिवशी माझा हात कायले धरला?”

आत्यानं पदरानं तोंड पुसलं आणि रुळांकडे बघत म्हणाली, “तुहा बाप घरी आल्यावर पहिले पेटीकडं जाईन, हे का मले ठाऊक नाई? आन त्यानं पुसलं असतं ना, शेवंती कोठं आहे, तं मी काय सांगितलं असतं त्याले?”